गोष्ट असूनही खरी: एक स्वयंपाकी, दोन सिनेमे आणि दोन टंचाईची वर्षं

आजच्या भागात एका आचाऱ्याबद्दल बोलायचंय. आचारी सिनेमातला आहे, पण तो ज्या वर्षांत पडद्यावर आला ती वर्षं खरी आहेत. आणि मला खरं तर त्या वर्षांबद्दलच जास्त बोलायचंय. शेवट फुटणार आहे हे आधीच सांगते. पन्नास वर्षं जुना सिनेमा आहे, तेवढं चालवून घ्या.

'बावर्ची' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. पूर्ण नाही, तर रविवारी दुपारी टीव्हीवर तुकड्या-तुकड्यांत. राजेश खन्ना, खाकी हाफ पँट, डोक्यावर टोपी, आणि एक भांडकुदळ घर ज्याचं नाव आहे 'शांतिनिवास'. त्या घरात एकही स्वयंपाकी टिकत नाही. मग कुठून तरी रघू उगवतो, देऊ केलेल्यापेक्षा कमीच पगार मागतो, स्वयंपाक करतो, झाडलोट करतो, आजोबांची सेवा करतो, मुलींना गाणं-नाच शिकवतो आणि बघता बघता सगळं घर एकत्र बसून जेवायला लागतं. घर सांधलं की गडी निघून जातो. घराघरात आवडलेला सिनेमा आहे हा. माझ्या घरी तर माझी आई तो लागला की गॅस बारीक करून बाहेर येऊन बसते.

पण 'बावर्ची' हा रिमेक आहे. मूळ सिनेमा बंगाली. १९६६ चा. दिग्दर्शक तपन सिन्हा. नाव 'गल्प होलेओ सत्यि'. मराठीत सांगायचं तर 'गोष्ट असूनही खरी'. तिथे रघूच्या जागी आहे धनंजय, आणि ते काम केलंय रवी घोष यांनी. कथेचा सांगाडा तोच: मोडकळीला आलेलं एकत्र कुटुंब, बाहेरून आलेला नोकर, आणि हळूहळू शहाणं होत जाणारं घर. हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीतही मूळ कथा तपन सिन्हांची म्हणूनच नोंद आहे, म्हणजे चोरीबिरी काही नाही.

आता प्रश्न असा, की सहा वर्षांत तीच गोष्ट कलकत्त्याहून मुंबईला आली तेव्हा नेमकं काय बदललं? आणि दोन्हीकडे काय सांगायचं राहून गेलं? माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: हे दोन्ही सिनेमे अशा वर्षी आले जेव्हा देशात खाण्याचेच वांधे होते. आणि दोन्ही सिनेमांनी स्वयंपाकघरातल्या भांडणाचं कारण घरातच शोधलं.

आधी कलकत्त्याला जाऊ.

१९६५-६६ चा काळ डोळ्यासमोर आणा. १९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालेलं. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देतो. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री लोकांना आठवड्यातून एक वेळ उपास करायला सांगतात, आणि सोमवारी संध्याकाळी हॉटेलं बंद राहायला लागतात. जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी जातात, इंदिरा गांधी येतात. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन होतं: डॉलरला ४.७६ रुपये होते ते एका रात्रीत ७.५० होतात. आणि त्या एका वर्षात आपण बाहेरून सुमारे एक कोटी टन धान्य आणतो, त्यातला मोठा भाग अमेरिकेचा गहू. पी.एल. ४८० हे नाव तुमच्या आजोबांना विचारा. त्यांना तो गहू आठवत असेल.

बंगालची गोष्ट आणखी वेगळी. तिथला माणूस भातावर जगतो, आणि तांदूळच मिळेना. कलकत्त्यात रेशनिंग कडक झालं. मुख्यमंत्री प्रफुल्लचंद्र सेन यांनी लोकांना कच्ची केळी खायचा सल्ला दिला, तो त्यांना आयुष्यभर चिकटला. १९६५ मध्ये तर सरकारने दुधाची टंचाई म्हणून छेन्याच्या मिठायांवरच बंदी आणली. संदेश, रसगुल्ला, सगळं बंद. विचार करा, बंगाली माणसाला संदेश खायला बंदी! म्हणजे आपल्याकडे गणपतीत मोदकांवर बंदी आणल्यासारखंच.

आणि मग फेब्रुवारी १९६६. तांदूळ आणि रॉकेलसाठी लोक रस्त्यावर आले. बसीरहाट भागात पोलिसांनी गोळीबार केला आणि एक शाळकरी मुलगा मेला. तिथून आंदोलन बंगालभर पेटलं. इतिहासात त्याला 'खाद्य आंदोलन' म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९६७ च्या निवडणुकीत, काँग्रेसची बंगालमधली सत्ता गेली. खुद्द प्रफुल्लचंद्र सेन आपल्या मतदारसंघात हरले.

आणि याच वर्षी, त्याच शहरात, तपन सिन्हा एका स्वयंपाक्याची गोष्ट सांगतात आणि तिला नाव देतात 'गोष्ट असूनही खरी'.

मला हे नाव फार आवडतं. त्यात एक प्रामाणिक डोळा मारणं आहे. असा नोकर कुठे मिळत नाही, हे दिग्दर्शकाला माहीत आहे. रेशनच्या रांगेतून थेट थिएटरात आलेल्या बाईला तर ते नक्कीच माहीत आहे. तरी तो म्हणतो, बघा, खरी आहे. कशी खरी? भांडणं खरी आहेत. पैशांची ओढाताण खरी आहे. सकाळचा चहा कुणी करायचा यावरून पेटणारं घर खरं आहे. फक्त त्यावरचा उपाय तेवढा गोष्टीतला आहे.

आणि रवी घोष! तुम्ही सत्यजित राय यांचा 'गुपी गाईन बाघा बाईन' पाहिला असेल, तर त्यातला ढोल वाजवणारा बाघा तो हाच. बुटका, मोठे डोळे, चेहरा कुठल्याही गल्लीत सापडेल असा. म्हणजे धनंजय दारात उभा राहिला की प्रेक्षकाला वाटतं, हा खरंच कामाला आलाय. चमत्कार करणारा माणूस दिसायला अगदी साधा आहे. तो खरा वाटतो म्हणूनच गोष्ट खरी वाटते.

आता गाडी पकडून मुंबईला येऊ.

हृषीकेश मुखर्जी मूळचे कलकत्त्याचेच. बिमल रॉय यांच्यासोबत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत आले, त्यांचे सिनेमे संकलित करता करता स्वतः दिग्दर्शक झाले. तेव्हा मुंबईच्या सिनेमात बंगाली कथांचा राबताच होता. त्यामुळे बंगाली गोष्ट हिंदीत येणं यात नवल नव्हतं. नवल होतं ते नायकाचं. १९६९ ते १९७१ या काळात राजेश खन्नाच्या नावावर हिट सिनेमांची रांग लागली होती. मुली त्याच्या गाडीला लिपस्टिक लावून चुंबनं घेत, हे किस्से तुम्ही ऐकले असतील. आदल्याच वर्षी हृषीदांनी त्याला 'आनंद' मध्ये घेतलं होतं. आता त्याला त्यांनी हाफ पँट घालून भांडी घासायला लावलं.

इथे पहिला मोठा फरक पडतो. सुपरस्टार दारात उभा राहिला की प्रेक्षकाला कळतंच की हा नोकर नाही. मग गंमत बदलते. बंगालीत प्रश्न असतो, 'हा साधा माणूस इतका शहाणा कसा?' हिंदीत प्रश्न होतो, 'हा इतका मोठा माणूस इथे काय करतोय?' नावंच बघा ना. बंगाली नाव गोष्टीबद्दल बोलतं. हिंदी नाव माणसाबद्दल. 'बावर्ची' म्हटलं की पोस्टरवर एकच चेहरा.

दुसरा फरक आवाजाचा. 'बावर्ची' ची श्रेयनामावली पडद्यावर लिहून येत नाही, ती वाचून दाखवली जाते. आणि तो आवाज अमिताभ बच्चनचा आहे. १९७२ मध्ये अमिताभला अजून 'जंजीर' मिळायचा होता. म्हणजे उद्याचा सुपरस्टार आजच्या सुपरस्टारची ओळख करून देतोय, आणि दोघांनाही ते माहीत नाही. पॉडकास्ट करणारी म्हणून मला हे भारी वाटतं: अख्खा सिनेमा एका निवेदकाच्या आवाजात सुरू होतो, जणू कुणी कानात गोष्ट सांगतंय. मूळ नावातलं 'गोष्ट असूनही' हे या निवेदकाच्या खोडकर सुरात शिल्लक राहिलंय असं मला वाटतं.

तिसरा फरक गाण्यांचा आणि रंगांचा. बंगाली सिनेमा काळा-पांढरा. हिंदी रंगीत, मदनमोहन यांचं संगीत, कैफी आझमींचे शब्द. पहाटेचं ते मोठं गाणं आहे ना, ज्यात घरातला एकेक माणूस येऊन सामील होतो, तिथे घर जुळतंय हे संवादाविना कळतं. तो प्रसंग मी कितीही वेळा बघू शकते.

आणि एक आपल्या जवळचा धागा. शांतिनिवासातल्या दोन सुना आठवा. थोरलीचं काम दुर्गा खोटे यांनी केलंय, धाकटीचं उषाकिरण यांनी. दोघी मराठी. 'अयोध्येचा राजा' या १९३२ च्या बोलपटातली तारामती इथे पदराला हात पुसत जावेशी भांडते. उत्तर भारतीय शर्मांचं घर, गोष्ट बंगाली, आणि स्वयंपाकघरावरून धुसफुसणाऱ्या दोघी बायका मराठी. मुंबईचा सिनेमा म्हणजे काय, हे याहून वेगळं सांगायला नको.

आता येते ती गोष्ट जी मला खरी सांगायची आहे. 'बावर्ची' जुलै १९७२ मध्ये लागला. त्या जुलैत महाराष्ट्रात काय चाललं होतं?

पाऊस येत नव्हता. आधीची दोन वर्षंही तुटीचीच गेली होती. आपल्याकडे आजही जुनी माणसं काळ मोजताना 'बहात्तरच्या दुष्काळाआधी' आणि 'नंतर' असं म्हणतात. विहिरी आटल्या, ज्वारी गेली. लोक खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, रस्त्याच्या कामावर गेले. मे १९७३ मध्ये तर महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि देशभरची रोजगार हमी त्याच वाटेने आली.

खायला काय होतं? कामावर सुकडी मिळायची. आणि रेशनवर मिलो. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. माझी आजी मराठवाड्यातली. तिला मी एकदा विचारलं, मिलोची भाकरी कशी लागायची? ती म्हणाली, 'लागायची कशी काय, लागायचीच नाही. थापली की तुटायची.' एवढंच. पुढे ती बोललीच नाही, तांदूळ निवडत बसली. त्या भाकरीची चव सांगायला तिच्याकडे शब्द नव्हता, की तिला तो काढायचा नव्हता, कोण जाणे.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवा. गावात भाकरी थापली की तुटतेय. आणि शहरात थिएटरच्या अंधारात रघू ताटं वाढतोय, लोक बोटं चाटतायत. मी सिनेमाला दोष देत नाहीये. वाईट दिवसांत लोकांना भरलेलं ताट बघावंसं वाटणारच. पण सिनेमात एक गोष्ट लक्षात घ्या: शांतिनिवासात अन्नाची टंचाई नाहीच. टंचाई आहे ती समजूतदारपणाची. रघू सांगतो, आनंदी असणं सोपं आहे, साधं राहणं तेवढं अवघड. म्हणजे दोष तुमच्या स्वभावाचा. स्वभाव सुधारा, घर सुधारेल.

त्याच वर्षी, त्याच मुंबईत, काही बायकांना हे पटलं नव्हतं.

१९७२ मध्ये मुंबईत महागाईविरुद्ध बायकांची संयुक्त समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. आणि त्यांनी हत्यार कुठलं उचललं? लाटणं. हातात लाटणं आणि थाळी घेऊन हजारो बायका रस्त्यावर आल्या, थाळ्या बडवत. तेल, साखर, धान्य, रॉकेल, सगळ्याचा जाब विचारायला. त्यातल्या कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदा मोर्चात चालत होत्या. 'लाटणे मोर्चा' हा शब्द मराठीत तिथून रुळला.

मला या योगायोगाने झोप लागू दिली नाही. एकाच शहरात, एकाच वर्षी, स्वयंपाकघराच्या त्रासावर दोन उत्तरं दिली गेली. पडद्यावरचं उत्तर: बाहेरून एक भला माणूस आत येईल आणि सगळं ठीक होईल. रस्त्यावरचं उत्तर: आतली बाई बाहेर जाईल, तेव्हा कुठे काही ठीक होईल. एकाने भांडणाचं मूळ जावाजावांत शोधलं. दुसरीने ते बाजारभावात शोधलं.

मग सिनेमा खोटा का? नाही. थांबा, मी त्याच्या बाजूनेही बोलणार आहे.

'बावर्ची' पुन्हा बघाल तेव्हा रघूवरून नजर काढून कृष्णाकडे बघा. जया भादुरीने केलेली ती पोरकी पुतणी. रघू येण्याआधी त्या घरात चहा कोण करतं? झाडतं कोण? आजोबांचं कोण बघतं? ती. तक्रार नाही, पगार नाही, नाव नाही. म्हणजे शांतिनिवासात बावर्ची आधीपासूनच होता, फक्त तो फुकट होता आणि मुलगी होता, म्हणून कुणाला दिसला नाही. तेच काम पुरुषाने केलं, तर घराला देवमाणूस भेटल्यासारखं वाटलं!

आणि मला वाटतं हृषीदांना हे कळत होतं. कारण शेवट आठवा. आजोबांची दागिन्यांची पेटी रघू पळवतो आणि घर हादरतं. मग कृष्णाचा मित्र अरुण ती पेटी परत घेऊन येतो, चोराशी झुंजून मिळवली म्हणून सांगतो. घरच्यांना जो मुलगा नको होता, तोच आता जावई म्हणून चालतो. ही सगळी रघूचीच योजना. म्हणजे या माणसाने आपलं मिळवलेलं सगळं नाव स्वतःच्या हाताने चोर म्हणून पुसलं, आणि ते कुणासाठी? घरातल्या सगळ्यात कमी आवाज असलेल्या मुलीसाठी. ज्या घराने त्याला डोक्यावर घेतलं, त्या घराला एका मिनिटात तो चोर वाटू शकतो, हेही सिनेमा दाखवून देतो. नोकर कितीही देवमाणूस असला तरी पेटी हरवली की पहिलं बोट त्याच्याकडे. आजही आपल्या सोसायट्यांमध्ये पोळ्यावाल्या मावशींच्या पिशव्या गेटवर तपासतात. ते आठवलं मला.

या गोष्टीचा प्रवास १९७२ मध्ये थांबला नाही. १९९७ मध्ये डेव्हिड धवनचा 'हीरो नंबर वन' आला. गोविंदा, करिश्मा, धमाल गाणी. तिथेही भांडकुदळ घरात एक नोकर येतो आणि घर जोडतो. पण आता नोकर कोण आहे? एका बड्या उद्योगपतीचा मुलगा. परदेशात प्रेम जमलं, मुलीच्या घरच्यांनी नकार दिला, म्हणून वेष बदलून आलाय. पोळ्या लाटतो ते लग्नासाठी.

आता तिन्ही ओळीत लावा. १९६६: गल्लीतला साधा माणूस. १९७२: साध्या माणसाच्या वेषातला सुपरस्टार. १९९७: थेट करोडपतीचा मुलगा. दर रिमेकला आचारी श्रीमंत होत गेला. आणि आचारी जितका श्रीमंत, तितकी ती गोष्ट खऱ्या स्वयंपाकघरापासून लांब. कारण उदारीकरणानंतरच्या प्रेक्षकाला रेशनची रांग आठवायची नव्हती. गोविंदाच्या सिनेमात रॉकेल संपायची भीती कुणालाच नाही.

रिमेकची तुलना आपण नेहमी 'कुणी चांगलं काम केलं' या एका प्रश्नावर संपवतो. रवी घोष की राजेश खन्ना? माझं मत विचाराल तर अभिनयात रवी घोष, गाण्यांसाठी आणि त्या निवेदनासाठी 'बावर्ची'. पण इतिहासाच्या बाजूने बघितलं तर रिमेक हा फार उपयोगी पुरावा असतो. गोष्ट तीच राहते, त्यामुळे बदललेली प्रत्येक गोष्ट ठळक दिसते. कोणाला नायक केलं, काय गाळलं, कशाची लाज वाटली, कशाचं आता हसू येतं. एकाच रेसिपीने तीन घरांत भाजी केली, की फरक भाजीत नसतो, त्या घरात काय परवडतं त्यात असतो.

तेव्हा जमलं तर आधी 'गल्प होलेओ सत्यि' बघा, मग 'बावर्ची'. आणि मधल्या वेळात घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला फोन लावा. विचारा, बहात्तर साली तुमच्याकडे काय शिजायचं? कोण शिजवायचं? आणि शिजवणारी स्वतः कधी जेवायची? तिसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागेल. थांबा तेवढं. फोन ठेवू नका.

भेटू पुढच्या भागात.